सोनेरी धारेला कुंकू

आमच्या घरात आलेला पहिला लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा नव्हता. झाकणावर जिथे एरवी कंपनीचं नाव चमकतं तिथे एक उथळ खोबण होती, आणि ती रिकामी होती. घरी येणारा पाहुणा आधी त्या खोबणीकडे बघायचा, मग आमच्याकडे, आणि मग सहानुभूतीने चहा घ्यायचा. कोणी कुठला म्हणून विचारलंच तर माझी बायको "घरचा" म्हणायची, लोणच्याबद्दल सांगावं तसं.

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये संगणक घेणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाई तो ब्रँडेड की असेंबल्ड. नोकरी सरकारी की खासगी, ह्या प्रश्नाचा तो धाकटा भाऊ होता. ब्रँडेड संगणक सीलबंद खोक्यातून यायचा. त्याच्या पाठीवर एक स्टिकर असे, आणि ते फाडून आत डोकावल्यास कंपनी तुम्हाला ओळख दाखवणार नाही अशी धमकी त्यावर छापलेली असे. असेंबल्ड म्हणजे एम. जी. रोडवर जाऊन सुटे भाग घ्यायचे आणि कोणीतरी जमिनीवर मांडी घालून ते जोडून द्यायचे. पहिला घेणारे दुसऱ्याला गरीब समजत आणि दुसरा घेणारे पहिल्याला मूर्ख. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकून घेण्याइतका वेळ माझ्याकडे होता. यंत्रांशी माझा संबंध इतकाच की मी त्यांच्या माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. हे करणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

बायकोची गोष्ट वेगळी. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. हुद्दा 'ड्राफ्ट्समन' असाच होता. बाईसाठी निराळा शब्द काढावा असं कोणाला वाटलं नव्हतं. आधी तिरक्या फळीवर शाईच्या पेनाने, आणि नव्वदचं दशक निम्मं सरल्यावर संगणकावर. तिच्या साहेबांना सगळं शहर 'सर' म्हणे. सरांच्या ऑफिसात शिरल्यावर आधी कारंजं लागायचं. ते चालू करायला एक माणूस ठेवला होता. गिऱ्हाईक जिन्यात दिसलं की तो बटण दाबायचा. सरांच्या बंगल्यांना पुढे चार उंच गोल खांब असत, ज्यांवर काहीच टेकलेलं नसे. आत खोल्या कशा लावायच्या हे माझी बायको ठरवायची. खांब सर ठरवायचे.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाल्यावर तिने ती नोकरी सोडली. भांडण वगैरे काही नाही. घरांत राहणाऱ्यांशी स्वतः बोलावं असं तिला वाटू लागलं होतं, आणि सरांच्या ऑफिसात ते काम कारंज्याकडे होतं. स्वतःची कामं करायची तर लोकांच्या घरी, शेतावर, साइटवर जावं लागणार. म्हणून लॅपटॉप हवा, आणि नुसता हिशेबाचा नको, घराचं चित्र आतून-बाहेरून फिरवून दाखवू शकेल असा हवा. तसे लॅपटॉप दुकानांत होते, पण चित्र फिरवणारं त्यांचं ग्राफिक्स कार्ड पोटात कायमचं डकवलेलं असे. दोन वर्षांनी ते मागे पडलं की अख्खं यंत्र मागे पडलं.

माझा एक शाळासोबती एम. जी. रोडवर सुटे भाग विकतो. त्याने त्यावर उपाय सुचवला. नुसता सांगाडा मिळतो म्हणाला. पडदा, कीबोर्ड आणि मुख्य बोर्ड असलेला. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क आपण आणून बसवायची, आणि ग्राफिक्स कार्डसुद्धा ह्यात खाचेत बसतं. उद्या मोठं आलं की जुनं काढून नवं घाला. हे सांगताना तो इतका हळवा झाला की मला त्याच्या लग्नातलं त्याचं तोंड आठवलं. तेव्हाही तो एवढा हळवा नव्हता.

सांगाडा आला तो पाट्यासारखा जड. चार्जर म्हणजे भाजलेली वीट. मांडीवर ठेवायचा म्हणून त्याला लॅपटॉप म्हणतात हे खरं, पण मांडी कोणाची हे नावात सांगितलेलं नाही.

तो जोडला माझ्या बायकोने आणि माझ्या वडिलांनी. वडील सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते, निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. संगणकाबद्दल त्यांना आस्था नव्हती, पण हा स्क्रूने उघडतो म्हटल्यावर ते खुर्ची ओढून बसले. जे उघडता येतं ते आपलं, असं त्यांचं साधं मत होतं. स्वयंपाकघरातून त्यांनी इडलीपात्राची एक ताटली मागवली आणि तिच्या एकेका खळग्यात एकेका जातीचे स्क्रू ठेवले, म्हणजे कोणता कुठला ह्यावरून वाद नको. तेव्हापासून ती ताटली इडलीच्या कामातून मुक्त झाली. डिसमिस त्यांच्या हातात आणि कागद माझ्या हातात. मी माहितीपुस्तिका मोठ्याने वाचायची आणि कोणी ऐकायची नाही, अशी कामाची वाटणी होती. पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा वडिलांनी खालच्या बाजूला हात लावून बघितला आणि तापमान ठीक आहे असं सांगितलं.

सुरुवातीला बसवलेलं कार्ड लहान होतं. पुढे बदलू, असं ठरलं होतं. पण बदलता येणं आणि बदलायला मिळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठं कार्ड "येतंय, येतंय" असं माझा मित्र दर भेटीत सांगे. कामंही तोवर त्या मानानेच येत होती. कोणाचा जिना, कोणाची वाढीव खोली, एका दवाखान्याची मोरी. बायको कुरकुरली नाही. पण अख्खं घर, पायापासून, तिच्या एकटीच्या नावावर अजून एकही नव्हतं.

ते घर मखमलाबादच्या बाजूला निघालं. तिथे फुलं पिकवणारं एक कुटुंब होतं. झेंडू, गुलाब, थोडी शेवंती. माल रोज पहाटे फुलबाजारात. आजी, तिचे तीन मुलगे, सुना, नातवंडं, सगळे मळ्यातल्या पत्र्याच्या घरात राहत होते आणि आता त्यांना पक्कं घर बांधायचं होतं. जमीन आजीच्या नावावर होती, त्यामुळे शेवटचा शब्दही तिचाच. मुलगे सरांनाही भेटून आले होते. कारंजं त्यांना आवडलं होतं.

माझी बायको पहिल्यांदा नकाशा घेऊन गेली तेव्हा मी सोबत होतो. आजीने कागद एका बाजूने बघितला, मग उलटा धरून बघितला. नकाशात दार दाखवायला पाव वर्तुळ काढतात. त्यावर बोट ठेवून ह्या इतक्या फोडी कशाच्या आहेत असं तिने विचारलं. बायकोने समजावून सांगितलं की हे घर वरून बघितल्यासारखं आहे.

"वरनं घर कोण बघतं?" आजी म्हणाली. "कावळा. मला आत नेऊन दाखव."

बायकोने कागदाची गुंडाळी केली आणि "नेते" म्हणाली. तुम्ही सांगाल तिकडे वळू, म्हणाली. आजीने दसऱ्यानंतरचा दिवस दिला. त्याआधी शक्यच नव्हतं. दसऱ्याच्या आठवड्यात फुलवाल्यांना जेवायला फुरसत नसते. त्याच दिवशी सरांचं की हिचं, हेही ठरणार होतं.

लहान कार्डावर घरातून चालता यायचं, पण उचकी लागल्यासारखं. एक पाऊल, मग विचार, मग दुसरं पाऊल. दाराशी वळताना तर चित्र असं गोठायचं की घर बांधून होईल पण वळण होणार नाही. सरांच्या ऑफिसात आता गुळगुळीत रंगीत छपाई होती. बायकोने माझ्या मित्राकडे रोज फोन सुरू केला. शेवटी मोठं कार्ड दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंबईहून बसच्या पार्सलने आलं. मी ते नाशिकच्याच द्वारका चौकात जाऊन घेतलं. चौकात झेंडूचे ढीग, त्यांतून वाट काढणारे ट्रक, आणि त्यांच्या मधोमध मी, स्कूटरवर, पायाशी मिठाईच्या खोक्याएवढं एक खोकं धरून. आत तळहाताएवढी हिरवी पट्टी निघाली. तिच्या एका कडेला बारीक सोनेरी दात होते, कंगव्यासारखे सलग; खाचेत बसायचं आणि वीज घ्यायची ती ह्याच दातांनी.

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची तर आदल्या दिवशी ती साफ करतात. बायकोने त्या संध्याकाळी लॅपटॉप उघडला, जुनं कार्ड काढलं, रॅम काढली, हार्ड डिस्क काढली, पंख्यातली धूळ ब्रशने झाडली आणि सगळं एका स्वच्छ फडक्यावर मांडलं. नवं कार्ड शेजारी ठेवलं. सकाळी आधी हे बसवून बघायचं आणि मग बंद लॅपटॉप पूजेला ठेवायचा, असा तिचा बेत होता. तो तिने मला सांगितला. वडिलांना सांगायला हवा होता.

वडिलांची पूजा कारखान्यातली. तिचे नियम कडक होते. पान्यांच्या पेटीवर एक कुंकवाचा टिळा लावून मोकळं होणं त्यांना मान्य नव्हतं. पेटी काम करत नाही, पाना करतो. प्रत्येक पान्याला वेगळं कुंकू. आणि ते कुठे लावायचं तर जिथे हत्यार काम करतं तिथे. करवतीला दातांवर, छिन्नीला धारेवर, विळीला पात्यावर, कानसीला तिच्या खरखरीत अंगावर. मुठीला कुंकू लावणारे लोक त्यांच्या मते फोटोसाठी पूजा करतात.

दसऱ्याच्या सकाळी बायको पुऱ्या लाटत होती. ती हात पुसत बाहेर आली तेव्हा पूजा झालेली होती. पाटावर नवं वस्त्र, त्यावर पाने, डिसमिस, मोजमापाचं व्हर्निअर, घरातली विळी, माझं पेन. आणि त्यांच्यापुढे ओळीने लॅपटॉपचे अवयव. रॅम, हार्ड डिस्क, जुनं कार्ड, नवं कार्ड. प्रत्येकासमोर आपट्याचं पान, प्रत्येकाला झेंडूची पाकळी, आणि प्रत्येकाला हळदकुंकू, पाण्यात कालवलेलं, अनामिकेने नीट ओढलेलं. कुठे, ते सांगायला नको. दोन्ही कार्डांच्या सोनेरी दातांवर. नव्याचा मान जास्त म्हणून त्याला दुहेरी रेघ होती आणि वर अक्षता चिकटवल्या होत्या.

ह्यात वडिलांचं काय चुकलं हे मी नंतर पुष्कळदा शोधून पाहिलं. त्या वस्तूत एकच धार होती आणि ती त्यांनी बरोबर ओळखली होती.

बायकोने थोडा वेळ पाटाकडे बघितलं. "छान मांडलंय, बाबा," म्हणाली, आणि आत गेली.

मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो आणि वडील जरा आडवे झाले की कार्डं पुसून घ्यावीत असं सुचवलं. तिने नकार दिला. पूजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता टाकून हलवायचं. देवधर्माची ती फार मोठी भोक्ती नाही. आमच्या लग्नात भटजींना मंत्राचा अर्थ विचारून मुहूर्त जवळजवळ चुकवणारी तीच. पण बाहेरच्या खोलीत माझे वडील पाटासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. लेथ चालवली त्या सगळ्या वर्षांत ह्या एका दिवशी त्यांनी तिला हात लावला नव्हता, आणि आज घरातलं सगळ्यात नवं यंत्र त्यांच्या जुन्या पान्यांच्या ओळीत येऊन बसलं होतं.

"एका दिवसानं कुंकवाचं काय होणार आहे," ती म्हणाली.

कुंकवाचं एका दिवसात बरंच काही होतं. ते वाळतं, धरतं आणि बारीक फटींत शिरून बसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी अक्षता टाकून पाट हलवला. बायकोने कोरड्या फडक्याने सगळं पुसलं, नवं कार्ड खाचेत बसवलं, इडलीच्या खळग्यांतले स्क्रू एकेक करून जागच्या जागी गेले. बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. तिने पुन्हा उघडलं, कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. सोनेरी दातांवर गुलाबी झाक होती, आणि दातांमधल्या फटींत पिवळी.

आमच्या घरात पेन्सिली आणि खोडरबर कायम विपुल. संपर्काच्या पट्ट्या मळल्या की खोडरबराने घासाव्यात हे एम. जी. रोडवरचं सार्वत्रिक औषध. तिने नवं कार्ड घासलं, बसवलं. काळा पडदा. पुन्हा घासलं. काळा पडदा. मग जुनं हातात घेतलं. त्यालाही कुंकू होतंच; वडील पक्षपात करत नाहीत. पण त्याला एकच रेघ होती. घासलं, बसवलं, बटण दाबलं, आणि चित्र आलं.

वडील मागे येऊन उभे होते. काय अडलंय, असं त्यांनी विचारलं.

"नवीन आहे, बाबा," बायको म्हणाली. "रुळायला वेळ लागेल."

त्यांना ते पटलं. नवी लेथही पहिले काही दिवस अडून बसते, म्हणाले. घाई करू नका, म्हणाले. घाई न करता आम्ही निघालो, स्कूटरवर, लॅपटॉप दोघांच्या मध्ये तिसऱ्या माणसासारखा. नंतर तिने मला सांगितलं की रस्ताभर ती मनातल्या मनात क्षमा मागण्याचं वाक्य जुळवत होती: चित्र थांबत थांबत चालेल, समजून घ्या, नवा भाग बसवायचा आहे. ते वाक्य सरांच्या तोंडी कधीच आलं नसतं, हेही तिला कळत होतं.

मळ्यात सामसूम होती. बाजार उरकल्यानंतरचा थकवा सगळ्यांच्या अंगावर दिसत होता. मोठ्या मुलाचा घसा भाव ओरडून बसला होता. न खपलेल्या झेंडूचा ढीग गोठ्याशी पडला होता आणि एक गाय तो निवांत खात होती. ओट्यावर, दिनदर्शिकेच्या खिळ्याला, सरांचं रंगीत चित्र लावलेलं होतं. चार खांब, ताडाची झाडं, दारात परदेशी मोटार, आणि बंगल्यासमोरच्या फुटपाथवरून कुत्रं फिरवणारी एक गोरी बाई. मखमलाबादला फुटपाथ नव्हता, पण तो बाईपेक्षा आधी आला असता असं मानायला जागा होती.

"ही कोण?" आजीने मला विचारलं. "ही बी राहणार का आमच्यात?"

बायकोने लॅपटॉप ओट्यावर ठेवला, आजीला शेजारी बसवलं. मागे तिन्ही मुलगे, त्यांच्यामागे सुना. घर सुरू झालं. फाटक, अंगण, पायरी. एक पाऊल, थांबा, एक पाऊल.

"अडकतंय हो, मॅडम," मोठा मुलगा बसलेल्या आवाजात म्हणाला. "सरांकडं असं नव्हतं."

बायको जुळवलेलं वाक्य बोलणार होती. आजीने तिच्याआधी तोंड उघडलं.

"अडकत नाय. माझ्यागत चालतंय." आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून, "चल, पुढं चल. मोठ्या दारातनं."

मोठ्या दारातून आम्ही आत गेलो. पडदा एकेक पाऊल टाकत होता आणि प्रत्येक थांब्याला आजी आजूबाजूला बघून घेत होती. चित्र सरसर पळालं असतं तर तिने काही विचारलं असतं असं मला वाटत नाही; पाहुण्याच्या घरातून आपण असेच पटकन बाहेर पडतो. इथे थांबावंच लागत होतं, म्हणून प्रश्न पडत होते. चपला कुठे काढायच्या? देव्हाऱ्याकडे पाय होतात का झोपल्यावर? रात्री उठून मोरीकडे ने म्हणाली, आणि बायकोने तिला खोलीतून मोरीकडे नेलं. वाटेत एक उंबरा होता. चित्र त्याच्यावर जरा जास्तच रेंगाळलं.

"इथं मी पडणार," आजी म्हणाली. बायकोने उंबरा काढून टाकला. पडद्याला ते समजायला वेळ लागला. मग उंबरा नव्हता.

एवढ्यात सुना पुढे सरकल्या होत्या. स्वयंपाकघरात आल्यावर धाकटीने ओटा कोणत्या हाताला आहे ते विचारलं, आणि मधलीने तिला, तू कधीपासून ओट्याशी जायला लागलीस, असं विचारलं. आजीने दोघींना गप्प केलं. तिला तिथून वजनकाटा दिसायला हवा होता. माल क्रेटमध्ये भरून शेडमध्ये तोलतात तेव्हा ती जुन्या घरातल्या चुलीपासून काट्यावर नजर ठेवून असते, हे आम्हाला नवीन होतं. मुलांना मात्र नवीन नसावं. तिघेही दुसरीकडे बघू लागले.

पडद्यावर तिथे भिंत होती. बायकोने भिंतीत खिडकी पाडली. चित्र गोठलं. सगळे पडद्याकडे वाकले, मीसुद्धा. मग भिंत उघडली आणि पलीकडे शेड दिसली, बायकोने नुसता एक चौकोनी ठोकळा म्हणून काढलेली.

"आता दिसतंय," आजी म्हणाली.

मोठ्या मुलाने घसा साफ केला. खांबांचं काय, असं त्याने विचारलं. सरांनी चार सांगितले होते, लांबून रुबाब दिसतो. बायकोने वाद घातला नाही. खांब हवे तर येतील, म्हणाली, आणि पुढच्या बाजूला खांब उभे करायला घेतले. पहिला उभा राहिला. दुसरा उभा राहिला. ती परत आजीला घेऊन, एकेक पाऊल टाकत, स्वयंपाकघरातल्या नव्या खिडकीशी गेली. पडदा थांबला, विचार केला, आणि चित्र पुरं केलं. खिडकीच्या बरोबर मधोमध दुसरा खांब होता. वजनकाटा त्याच्या मागे.

"काढ तो," आजी म्हणाली.

"आई, अगं पुढून केवढं भारी दिसतं," मुलगा म्हणाला. "त्या चित्रात बघ की."

"त्या चित्रात आत जाता येतं का?"

मुलगा खिळ्यावरच्या चित्राकडे वळून बघू लागला.

"मग त्या कुत्रेवाल्या बाईलाच राहू दे तिथं. पाया कधी खणायचा ते विचार हिला."

त्याने विचारलं. बायकोने सांगितलं. निघताना धाकट्या सुनेने आमच्या स्कूटरच्या हँडलला उरलेल्या झेंडूची एवढी मोठी माळ बांधली की मला समोरचा रस्ता अर्धाच दिसत होता. अर्ध्या रस्त्यावर गंगापूर रोडपर्यंत आलो आणि मग बायको मागे बसून हसायला लागली, ती घरापर्यंत थांबली नाही.

नवं कार्ड माझ्या मित्राने स्पिरिट आणि टूथब्रशने धुऊन काढलं. फटींतून बाहेर आलेल्या पिवळ्या पाण्याकडे बघून हा कुठला गंज आहे म्हणून त्याने विचारलं, आणि आम्ही नाशिकची हवा म्हणून सांगितलं. कार्ड ठणठणीत निघालं. घर पडद्यावर आता लोण्यासारखं फिरायला लागलं. पुढच्या भेटीला बायको मोठ्या उत्साहाने ते घेऊन मळ्यात गेली. आजीने अंगणातून स्वयंपाकघरापर्यंतचा प्रवास एका दमात पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"आज लय पळतंय हे," म्हणाली. "चक्कर येती. आधीचं आण."

तर ते घर बांधून होईपर्यंत, मळ्यात जायचं असलं की माझी बायको आदल्या संध्याकाळी लॅपटॉप उघडायची, मोठं कार्ड काढून लहान बसवायची, आणि परत आल्यावर पुन्हा मोठं बसवायची. यंत्राचे भाग बदलता यावेत म्हणून ज्या कोणी एवढी सोय केली होती त्याच्या डोळ्यांसमोर हा उपयोग नसावा. पुढेही कोणी वयस्क गिऱ्हाईक असलं की ती मला विचारायची, कुठलं नेऊ? मी नेहमी लहान म्हणायचो. त्या कार्डावर तिने बरीच घरं मिळवली. मोठ्यावरही मिळवली, पण त्यांत खांब जास्त होते.

पुढच्या दसऱ्याला झेंडू मळ्यातून आला, टोपलीभर. वडिलांनी आदल्या दिवशीच बायकोला सांगून ठेवलं की भाग सुटे करून दे, बंद पेटीची पूजा मी करत नाही. तिने दिले. दोन्ही कार्डांच्या सोनेरी कडेला तिने कागदाची घट्ट घडी बसवली होती.

"हे काय?" वडिलांनी विचारलं.

"म्यान आहे, बाबा. ह्याची धार उघडी ठेवत नाहीत. म्यानालाच लावायचं."

वडिलांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं. "गेल्या वर्षी नव्हतं."

"नव्हतं."

त्यांनी अनामिका कुंकवात बुडवली, आणि ती तशीच वर धरून थोडा वेळ बसले.

"तरीच रुळायला वेळ लागला," म्हणाले. मग दोन कार्डांकडे बघून, "आजीबाईंचं ह्यातलं कोणतं?"

बायकोने लहान दाखवलं. त्याच्या म्यानाला त्यांनी दुहेरी रेघ ओढली, वर अक्षता लावल्या आणि टोपलीतलं एक अख्खं फूल ठेवलं. मोठ्याला एक रेघ आणि पाकळी. मग पाने, डिसमिस, व्हर्निअर, विळी. मी माझं पेन पुढे केलं. त्याला दरवर्षीप्रमाणे सगळ्यांत शेवटी, बोटावर उरलेलं कुंकू मिळालं, आणि ते टोकाला लागलं.